चिकटपट्टीखालच्या हिरव्या बांगड्या

द्राक्षाचा घड देठाला धरून उचलायचा असतो. मण्याला बोट लागू द्यायचं नाही. मण्यावर पिठासारखी पांढुरकी लव असते. बोट टेकलं की ती पुसली जाते आणि तिथे बोटाचा ठसा राहतो. वेलीवरून उतरलेल्या घडावर ती लव पुन्हा येत नाही. मी आता शहात्तर वर्षांचा आहे, पॅकहाऊस सोडून पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी हातगाडीवर द्राक्षं घेताना माझा हात आपसूक देठाकडे जातो. गाडीवाला हसतो. म्हणतो, "बाबा, काचेची नाहीत ती. घ्या बिनधास्त."

फेब्रुवारीत नाशिकची थंडी निघते म्हणते, पण निघत नाही. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असा घोळ महिनाभर चालतो. या दिवसांत मला झोपेतून उठल्या उठल्या एक वास येतो. घरात तसा वास येण्यासारखं काही नसतं. खोक्यांच्या नव्या पुठ्ठ्याचा, द्राक्षं टिकावीत म्हणून खोक्यात घालतात त्या गंधकाच्या कागदाचा, आणि त्यात मिसळलेला द्राक्षाच्या देठाचा कच्चा, हिरवा वास. तो वास आला की मी समजतो, हंगाम सुरू झाला. मग दोन-तीन महिने माझं मन पिंपळगावातच असतं.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, अप्पांचं पॅकहाऊस होतं. अप्पा म्हणजे मालक. स्वतःची बाग, शिवाय आसपासच्या वीस-पंचवीस बागांचा माल. द्राक्षं परदेशात पाठवायचं वारं तेव्हा नुकतंच आपल्याकडे शिरलं होतं आणि अप्पा त्या वाऱ्यात सगळ्यांत पुढे होते. मी तिथे सुपरवायझर. लांबलचक पत्र्याची शेड, त्यात टेबलांच्या दोन रांगा, आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या चाळीसेक बाया. डोक्याला टोपी, अंगात ॲप्रन, हातात छोटी कात्री. डाव्या हातात घड देठाला धरायचा, दिव्याखाली गोल फिरवायचा आणि तडकलेले, बारके, डागी मणी कात्रीच्या टोकानं टिपून काढायचे. चाळीस कात्र्यांचा एकत्र आवाज कसा असतो, हे ऐकल्याशिवाय कळणार नाही. पत्र्यावर बारीक मोहरी पडत राहावी तसा. त्यात बायांच्या गप्पा, हसणं, कुणाच्या सासूची नक्कल. क्रेट उचलणाऱ्या पुरुषांना एक मजुरी आणि कात्री चालवणाऱ्या बायांना तिच्याहून कमी, असा तेव्हाचा रिवाज होता. तो कायद्याला धरून नव्हता, हे मला माहीत होतं. खरं तर मला बरंच काही माहीत होतं. तेच आज लिहायचं आहे.

पण आधी गेटवरची सकाळ सांगतो, कारण त्या हंगामातलं मला सगळ्यांत आवडायचं ते तेच.

सात वाजता टेम्पो यायचा. निफाडाकडची थंडी अंगात घेऊन बाया खाली उतरायच्या. तोंडातून वाफा, डोक्यावर पदर, कडेला डबा. आत काचेची कुठलीही वस्तू न्यायला बंदी होती. एखाद्या घडात बांगडीची कपची सापडली तर परदेशातला अख्खा माल परत यायचा. पण सवाष्ण बाई हात मोकळे करायची नाही. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला होता. बाईनं दोन्ही हात पुढे करायचे, बांगड्या मनगटापासून वर सरकवायच्या, आणि मी त्यांच्यावरून रुंद चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे मारायचे. वर ॲप्रनची लांब बाही. संध्याकाळी घरी जाऊन पट्टी सोडायची, सकाळी पुन्हा नवी.

म्हणजे रोज सकाळी चाळीस बायांचे ऐंशी हात माझ्या हातांखालून जायचे. काही कांद्यानं रापलेले, काही चुलीनं भाजलेले. एकीच्या हातावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं, तर एकीनं ते नाव मेंदीनं झाकलेलं. हात पुढे करताना त्यांची तोंडं बंद नसायची.

"भाऊ, टेप हाय का बेडी? पोलिसानं तरी इतकी घट्ट बांधली नसती."

"भाऊ, घरी वहिनींच्या बांगड्या पण अशाच बांधता काय?"

हे दुसरं बोलणारी मंदा. मंदाकिनी हे तिचं हजेरीपुस्तकातलं नाव. तोंडात सगळ्यांच्या मंदा. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, काटक, बोलण्यात फटकळ आणि कात्रीत अशी तयार की मी तिच्यासारखा हात नंतर कुणाचा पाहिला नाही. घड तिच्या हातात फिरायचा तो वाऱ्यानं फिरावा तसा, आणि एकाही मण्याची लव पुसलेली नसायची. नव्या आलेल्या बायांना ती शिकवायची. "हळू गं. तान्ह्या पोराचं डोकं धरल्यावानी धर." अप्पा अधूनमधून शेडमध्ये यायचे, तिच्यामागे दोन मिनिटं उभे राहायचे आणि काही न बोलता निघून जायचे. एकदा मला म्हणाले, "पुढच्या हंगामाला एक लाईन हिच्याकडे देऊ. बाई लाईन चालवते म्हटल्यावर बाकीच्या पण जोर करतील." त्या काळी आमच्या भागात बाई लाईनची प्रमुख झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी मान हलवली.

आमच्याकडे एक पद्धत आहे. बाईला दिवस गेले की तिसऱ्या-पाचव्या महिन्यात, अजून गावाला कळायच्या आत, माहेरची माणसं किंवा सासू तिला गुपचूप चोळी देतात, हातात हिरवा चुडा भरतात. चोरचोळी म्हणतात तिला. नावातच चोरी, कारण ती गोष्ट चारचौघांत बोलायची नसते. नजर लागते म्हणतात. पोट ॲप्रनखाली दिसत नाही आणि बाई स्वतःहून सांगत नाही. पण काल दोन-दोन जुन्या बांगड्या असलेला हात आज हिरवागार, भरगच्च होऊन माझ्यापुढे आला, की माझ्या लक्षात यायचं.

ऑफिसच्या भिंतीवर बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याचा मराठी कागद लावलेला होता. लावायलाच लागायचा, म्हणून लावलेला. तो सगळा वाचणारा त्या पॅकहाऊसात मी एकटाच असेन. त्यात लिहिलं होतं की बाळंतपणाच्या आधीच्या वर्षात ज्या बाईनं ऐंशी दिवस काम केलं, तिला पगारी रजा द्यावी लागेल. बाळंतपण जवळ आल्यावर बाईनं मागणी केली, तर तिला फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये, असंही होतं. लोक कायदा हक्क शोधायला वाचतात. मी तो पळवाट शोधायला वाचला. आणि मला ती सापडली. ऐंशी दिवस भरायच्या आत नाव कमी केलं की प्रश्न मिटला.

हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. अप्पांनी तर नाहीच. आदल्या हंगामात एक बाई लाईनवर चक्कर येऊन पडली होती, अर्धा तास काम थांबलं होतं, आणि अप्पा माझ्यावर थोडे चिडले होते. एवढंच झालं होतं. त्या अर्ध्या तासाची मी धास्ती घेतली आणि गेटवर हिरव्या बांगड्यांवर पाळत ठेवायला लागलो. ज्या बायांनी विश्वासानं हात पुढे केले, त्यांचे हात मी चुगलखोरासारखे वाचले. वर स्वतःला समजावलं, की अवघडलेल्या बाईनं आठ तास उभं राहावं का? घरी बसेल, आराम करेल. माझ्या मायेचा तो आराम मंदानं कांद्याच्या खळ्यावर, उन्हात, आठव्या महिन्यापर्यंत गोण्या निवडत काढला. ते मला पुढे कळलं.

किती जणींचं असं झालं? मला चार आठवतात. दोघींची नावं आठवत नाहीत. हात आठवतात.

मंदाच्या हातात हिरवा चुडा आला तेव्हा माघ संपत आला होता. त्या सकाळी ती नेहमीसारखी थट्टा करत नव्हती. हात पुढे करून हलक्या आवाजात म्हणाली, "जरा सैल बांधा भाऊ. हात सुजत्यात." मग दुपारी भाकरीच्या सुट्टीत माझ्याकडे आली. "भाऊ, एक रिकामा क्रेट उपडा घालून देता का टेबलापाशी? मधी मधी टेकते. हात थांबायचा नाय माझा." कायद्याच्या कागदातले महिने तिचे अजून भरले नव्हते. पण उपडा क्रेट द्यायला कुठला कायदा लागतो? शेडच्या मागे पाचशे क्रेट रिकामे पडले होते.

मी म्हणालो, "बघतो."

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोतून उतरल्यावर मी तिला बाजूला घेतलं आणि आजपासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "का?" मी म्हणालो, "अप्पांचं म्हणणं आहे." ती म्हणाली, "तुम्ही बोलला नाय का माझ्यासाठी?" आणि तेव्हा मी जे बोललो, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "बोललो गं. खूप भांडलो. ऐकतच नाहीत."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, काम गेलं म्हणून. पण ती म्हणाली, "तुम्ही तरी बोलला. दुसरं कोण बोलतंय आमच्यासाठी." आणि हात पुढे न करताच मागे वळली, रिकाम्या टेम्पोत जाऊन बसली.

हजेरीपुस्तकात मी लिहिलं, 'स्वतःहून काम सोडले.' पुढच्या हंगामाला अप्पांनी विचारलं, "मंदा कुठाय? लाईन द्यायची होती ना तिला?" मी म्हणालो, "तिला मुलगी झाली. येत नाही म्हणते." अप्पा म्हणाले, "मी निरोप धाडू का?" "नको अप्पा," मी म्हणालो, "घरचे सोडत नाहीत तिला." असं एक खोटं तिला आणि दुसरं त्यांना. मधल्या रस्त्यात मी एकटा उभा, दोघांच्याही नजरेत चांगला.

पुढे मी पॅकहाऊस सोडलं, नाशकात मुलाकडे राहायला आलो. आणि एका फेब्रुवारीत दाराची बेल वाजली. दारात मंदा, डोक्यावर द्राक्षांचं खोकं. "पत्ता काढीत काढीत आले भाऊ. जुन्या मानसाला हंगामाची द्राक्षं नको का?" मी त्याच दिवशी सांगणार होतो. पण आमच्या हिनं चहा टाकला, मंदानं तिला कुरडयांच्या चिकाचं प्रमाण सांगितलं, दोघींची गट्टी जमली, आणि बोलायची वेळ टळली. तेव्हापासून दर हंगामाला मंदा येते. खोकं आणते, जेवून जाते. माझ्या नातीच्या लग्नात ती मांडवात बहिणीसारखी वावरली. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस हॉस्पिटलात ती डबा घेऊन येत होती. इतकं प्रेम मला सख्ख्या बहिणीनं दिलं नसेल. ते सगळं मला एका खोट्यापोटी मिळत होतं, आणि मी ते घेत राहिलो.

यंदा हंगाम आमच्या घरात शिरला तो बांगड्यांच्या आवाजानं. नातीचं, ऋचाचं डोहाळजेवण होतं. ऋचा अंबडच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिला दिवस गेल्याचं तिनं तिसऱ्या महिन्यातच साहेबांना सांगितलं. चोरूनमारून काही नाही. साहेबांनी अभिनंदन केलं म्हणे आणि रजेची तारीख विचारली. सहा महिन्यांची पगारी रजा. कंपनीत पाळणाघर आहे. बायांच्या तक्रारी ऐकायला समिती आहे. तरी ती कुरकुरते, "आजोबा, खुर्ची इतकी वाईट आहे ना, पाठीला आधारच नाही." मी हसून मान हलवतो आणि मनात म्हणतो, पोरी, खुर्चीसाठी कुरकुर करता येणं हे केवढं थोर आहे, तुला कसं सांगू?

मला कौतुक वाटतं या पोरींचं. मी पेपरातल्या बातम्या भिंगानं वाचतो. बारा आठवड्यांच्या रजेचे सव्वीस झाले, बाईला कामाच्या जागी त्रास दिला तर दाद मागायची सोय झाली, आता तर कामगारांचे जुने कायदे गोळा करून नव्या संहिता आल्या आहेत. कुठे काय वाढलं, कुठे काय निसटलं, ते माझ्या डोक्यात अजून नीट बसलेलं नाही. हंगामावर, ठेकेदाराच्या टेम्पोतून येणाऱ्या बायांपर्यंत यातलं किती पोचतं, हेही मला माहीत आहे. पण एक मात्र खरं. आमच्या वेळी कायदा नव्हता असं नाही. तो भिंतीवर होता. फक्त वाचणारा मी होतो. आज त्या कागदापुढे मंदाची मुलगी वैशाली उभी असते. पोटात होती म्हणून जिच्या आईचं काम गेलं, तीच. ती एका मोठ्या पॅकहाऊसात मालाची तपासणी करते आणि तिथल्या बायांच्या समितीवर आहे. सगळा फरक तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

तर डोहाळजेवण. ऋचाला चौरंगावर बसवलेलं, हिरवी साडी, कासारणीनं भरलेला हिरवा चुडा. मंदा खोकं घेऊन आलेलीच होती. साठीला टेकली तरी जीभ तशीच. ऋचाची ओटी भरताना सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला सांगते बाई, तुझा आजोबा देवमाणूस हाय. मला पाचवा लागला होता, मालकानं कामावरून काढलं. समदी गप. एकटे भाऊ भांडले त्याच्याशी."

ऋचाचं तोंड उघडंच राहिलं. "प्रेग्नंट म्हणून काढलं? अहो मंदाआजी, हे बेकायदेशीर आहे!"

"आता असंल बाई."

"तेव्हाही होतं. आजोबा, होतं ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. "होतं," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. ऋचा उठून आली आणि हिरव्या बांगड्यांच्या हातांनी तिनं माझे खांदे धरले. "माय हिरो," म्हणाली. मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

पाहुणे गेल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या मी आमच्या हिला सगळं सांगितलं. ती वाट्या पुसत होती. पुसत राहिली. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? माझं काय नेलंत तुम्ही?"

"तिला सांगितलं तर ती पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही."

"नाही टाकणार कदाचित," ही म्हणाली. "पण आता येते ती तरी कुठे तुमच्याकडे येते? ती त्या भांडणाऱ्या माणसाकडे येते. तो तर कधी नव्हताच."

पंचावन्न वर्षांच्या संसारात तिनं मला इतकं सरळ कधी सुनावलं नव्हतं.

परवा सकाळी द्वारका चौकातून पिंपळगावची एसटी धरली. आडगाव, ओझर गेलं, आणि दोन्ही बाजूंनी बागा सुरू झाल्या. घडांना कागदाच्या पिशव्या बांधलेल्या, बागेच्या कडेला टेम्पो उभे, क्रेट उतरताहेत. हा रस्ता मला इतका प्रिय आहे, की कितीही जड मनानं निघालो तरी ओझर ओलांडलं की मन हलकं होतं. त्या दिवशी ते हलकं होऊ नये असं मला वाटत होतं.

मंदाच्या अंगणात बाजेवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता आणि ती कुरडया घालत होती. मला पाहून आनंदानं ओरडलीच. "आता गं बया! भाऊ? फोन तरी करायचा! बसा, सावलीला बसा. गरम चीक खाता का, गूळ घालून?"

"आधी ऐक," मी म्हणालो. "मग विचार, खातो का ते."

मी तिच्याकडे न बघता बोललो. कुरडयांच्या पांढऱ्या वेटोळ्यांकडे बघून बोललो. हिरव्या बांगड्यांचं, ऐंशी दिवसांचं, अप्पांना सांगितलेलं, तिला सांगितलेलं. मध्ये एकदा मी म्हणालो, "काळच तसा होता गं," तेव्हा तिनं सोऱ्या खाली ठेवला. मी पुढचं बोललो आणि थांबलो.

शेजारच्या बागेत कुणीतरी क्रेट आपटत होतं.

"म्हंजी अप्पा बोललेच नव्हते?"

"नाही."

"आन् तुम्ही भांडला बी नाय."

"नाही."

"लाईन द्यायची होती मला?"

"हो. दोनदा विचारलं त्यांनी."

तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. मला वाटलं, आता शिवी येईल. ती यावी असंच वाटत होतं. पण ती म्हणाली, "एक डाव बाजारात भेटले मला अप्पा. हसले. 'पोर कशी आहे गं' म्हणले. मी त्यांच्या पायाशी थुंकले, भाऊ. भर बाजारात. ते तसेच उभे राहिले. काय चुकलं तेच कळंना त्यांना." तिचा आवाज चिरका झाला. "मेले तेव्हा अख्खं गाव गेलं. मी नाय गेले. वैशालीला बी जाऊ दिलं नाय. तीस वरसं मी त्या मानसाला शिव्या दिल्या, आन् शिव्यांच्या धन्याच्या घरी दर हंगामाला जेवून येत होते."

खोट्यानं तिचं काम गेलं, एवढाच हिशोब मी इतकी वर्षं मांडत होतो. त्यानं एका चांगल्या माणसाच्या पायाशी थुंकी पडली होती, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मंदा उठली. बादलीत हात धुतले, पदराला पुसले. अर्ध्या घातलेल्या कुरडया तशाच टाकून म्हणाली, "चला."

"कुठे?"

"माईंकडं."

माई म्हणजे अप्पांच्या पत्नी. जुन्या पॅकहाऊसाला लागूनच त्यांचा बंगला आहे; धंदा आता मुलगा बघतो. दहा मिनिटांचा रस्ता, पण माझ्या गुडघ्यांमुळे अर्धा तास लागला. मंदा पुढे चालत होती. एकदाही वळून बघितलं नाही, पण मी मागे पडलो की थांबायची.

माई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या, लहानशा झालेल्या. समोरच अंगणात टेम्पो उभा, चार-पाच बाया आणि दोन गडी खोकी चढवत होते. भिंतीवर अप्पांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. मंदा माईंशी काही बोलायच्या आधी फोटोसमोर गेली आणि तिथे फरशीवर डोकं टेकून बराच वेळ तशीच राहिली. माई गोंधळल्या. "कोण गं तू? मंदा का? इतक्या वरसांनी?"

मंदा उठून त्यांच्या पायाशी बसली आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माई, मी तुमच्या मालकाला लय वंगाळ बोलले. भर बाजारात थुंकले. त्यांचा काय बी दोष नव्हता. मला आजच कळलं."

माईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ते घरी येऊन सांगत होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "म्हणाले, 'मंदा रागावलीय माझ्यावर. माझ्याकडून काहीतरी झालं असणार.' आठवून आठवून थकले बिचारे."

मंदा रडायला लागली. मग तोंड पुसून माझ्याकडे वळली. "आता तुम्ही, भाऊ. आन् काळबीळ काय मधी घालू नका."

मी खांबाला धरून उभा राहिलो आणि सांगितलं. आवाज बारीक येत होता. डोळे फरशीवर. सगळं सांगितलं, काही सोडलं नाही. आणि संपल्यावर प्रथमच वर बघितलं.

माई कानामागे हात धरून माझ्याकडे पाहत होत्या. "जरा मोठ्यानं बोल रे बाबा," त्या म्हणाल्या. "मला कमी ऐकू येतं. यातलं काही म्हणजे काही कळलं नाही."

अंगणातल्या बाया खोकी हातात धरून थांबल्या होत्या. मंदानं ओसरीतली दुसरी खुर्ची ओढली, माईंच्या समोर ठेवली आणि तिच्यावर हात थोपटून मला बसायची खूण केली.

मी बसलो. आणि पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायला लागलो.